पाल, शेकोटी आणि कुत्रं

डिसेंबर लागला की नाशिककडच्या वर्तमानपत्रांत दोन गोष्टी शेजारी शेजारी छापून येतात. एक बातमी : निफाडचा पारा घसरला, जिल्हा गारठला. दुसरी जाहिरात : धरणाच्या काठी, द्राक्षमळ्याच्या कडेला तंबूत राहायला या. तंबूत हीटर आहे, रात्री शेकोटी आहे, गाणी आहेत, आणि आपल्या लाडक्या कुत्र्यालाही बरोबर आणा, त्याची वेगळी सोय आहे.

या हौसेबद्दल माझी तक्रार नाही. उलट एखाद्या बाईला थंडीच्या रात्री आकाशाखाली, कुणाचीही भीती न बाळगता, पोटाशी कुत्रं घेऊन निवांत झोपता यावं, ही तर आपण मागत आलो तीच गोष्ट आहे. रात्र आपलीही आहे, असं म्हणत आपण मोर्चे काढले आहेत. माझं म्हणणं वेगळं आहे. त्याच रात्री, त्याच शिवारात आणखीही तंबू असतात. त्यांतही ऊब आणण्याची खटपट चाललेली असते. त्यांच्याही तोंडाशी कुत्रं बसलेलं असतं. त्या तंबूंची जाहिरात होत नाही आणि बातमीही होत नाही. तिथली बाई रात्रभर जे काम करते त्याला काम म्हणायचीही पद्धत नाही. हा लेख त्या तंबूंबद्दल आहे.

वणी हे गाव सप्तशृंग गडाच्या पायथ्याशी आहे. नाशिकहून दिंडोरी, वणी आणि पुढे सापुताऱ्याकडे रस्ता जातो. याच रस्त्यानं पर्यटकांच्या गाड्या वर जातात आणि याच रस्त्यानं सुरगाणा, पेठ, कळवणकडची माणसं खाली येतात. घरचं भात कापून झालं, झोडपून झालं, की वर काम उरत नाही. खाली दिंडोरी, निफाडच्या बागांत मात्र ऑक्टोबर छाटणीपासून फेब्रुवारी-मार्चच्या काढणीपर्यंत हात कमी पडतात. मग मुकादमाची उचल, टोळी, ट्रॅक्टर किंवा जीप, आणि बागेच्या बांधाला पाल. काही मालकांनी चांगल्या पत्र्याच्या खोल्या बांधल्या आहेत, हे सांगायला हवं. पण बांधाला चार बांबू, वर ताडपत्री, बाजूला खताच्या गोण्या उसवून केलेल्या कनाती, हेच चित्र मला जास्त दिसतं.

द्राक्षबागेतलं काम कसं चालतं हे शहरातल्या मैत्रिणींना माहीत नसेल म्हणून थोडं सांगते. फेलफूट काढणं, घडांची विरळणी, डिपिंग म्हणजे संजीवकाच्या पाण्यात एकेक घड बुडवणं, पुढे घडाला कागद बांधणं, आणि शेवटी काढणी. ही बोटांची कामं, म्हणून बायकांची कामं. बोटं नाजूक असतात असं सांगतात; मजुरी ठरवतानाही तोच नाजूकपणा कामी येतो. डिपिंग उन्हाचा ताव चढायच्या आत करायचं असतं. म्हणजे दिवसातल्या सगळ्यांत गार तासाला बाईचे हात कोपरापर्यंत ओले. आदल्या रात्री ती नीट झोपली का, हे विचारायला कुणी येत नाही.

वेलीला मात्र थंडी वाजते हे सगळ्यांना ठाऊक आहे. तापमान आठ-दहा अंशांखाली गेलं की वेलीची वाढ मंदावते, मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकायला लागतात. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता. अशा रात्री बागायतदार झोपत नाहीत. पहाटे उठून बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात, धूर धरून ठेवतात, विहिरीचं कोमट पाणी ठिबकनं सोडतात. वर्षाची कमाई वेलीवर लटकलेली असते, त्यांची तगमग मला समजते. थंडीनं मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडाघडाला कागद गुंडाळतात, तेही समजतं. पण कागद गुंडाळणारी बाई संध्याकाळी ज्या पालात जाते तिथं जमिनीवर एक गोणपाट आणि त्यावर एक गोधडी असते. एकाच बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे थंडीचे दोन हिशोब चालतात.

आता त्या पालातली रात्र बघू.

ऊब आपोआप येत नाही, कुणीतरी आणावी लागते. सरपण गोळा करणं, ते दवात भिजू नये म्हणून झाकणं, चूल पेटवणं, स्वयंपाक उरकल्यावर विस्तव राखणं, मध्यरात्री उठून त्यावर लाकूड घालणं, पोराच्या अंगावरची गोधडी सरकली की ओढणं, आणि पहाटे चारला सगळ्यांच्या आधी उठून पाणी तापवणं. ही यादी पुरुषाच्या वाट्याला येत नाही. त्याच्याही अंगात दिवसभराचा शीण असतो, नाही असं नाही, पण त्याची झोप सलग असते. बाईची झोप तुकड्यातुकड्यांची. आपल्या चळवळीनं घरकामाचे तास मोजले, पाणी आणण्याचे तास मोजले, सरपणाचे मोजले. थंडीच्या हंगामात ऊब राखण्यासाठी बाई किती वेळा उठते, ते कोणत्या तक्त्यात भरायचं?

सरपणाचंही आता सोपं राहिलेलं नाही. पूर्वी छाटणीच्या काड्या मजुरांना उचलू देत. आता बरेच शेतकरी काडी यंत्रानं बारीक करून बागेतच कुजवतात. जमिनीसाठी ते चांगलंच आहे. पण त्यामुळे बाईला सरपणासाठी ओढ्याकाठी, परक्या बांधावर जावं लागतं, आणि परक्या बांधावरचा माणूस काय बोलतो ते प्रत्येकीला माहीत असतं. ज्या काड्या मिळतात त्यांवर हंगामभर औषधं मारलेली असतात; त्यांचा धूर तिच्याच छातीत जातो. गॅस का नाही, असं कुणी विचारेल. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, आणि २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना पत्त्याच्या कागदाऐवजी स्वयंघोषणापत्र चालेल असंही ठरलं. निर्णय चांगला होता. पण शेगडी गावातल्या घरी राहते. टाकी भरायला रोख लागते आणि उचल तर आधीच खर्चून झालेली असते.

आता एक धोक्याची गोष्ट. ही प्रत्येक गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचावी अशी माझी विनंती आहे. धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून बाई काय करते? चुलीतले लालबुंद निखारे घमेल्यात काढते, ते पालात आणते आणि वारा शिरू नये म्हणून ताडपत्रीच्या कडा दगडांनी दाबून टाकते. धूर नाही म्हणजे धोका नाही, अशी समजूत असते. प्रत्यक्षात निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोरानं चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुंगी येते, आणि गुंगी थंडीतल्या झोपेसारखीच गोड वाटते. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला याचा धोका फार. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथं केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुलं, एका हॉटेलच्या बंद खोलीत गॅसच्या हीटरमुळे दगावले. पैसे मोजून घेतलेली ऊबही जीव घेऊ शकते, मग ताडपत्रीची काय कथा?

नेपाळचं आणखी एक उदाहरण आपल्या अधिक जवळचं आहे. तिथं पश्चिमेकडच्या भागात पाळी आलेल्या बाईला घराबाहेरच्या खोपटात झोपवण्याची छौपडी नावाची चाल आहे. ऑगस्ट २०१८ पासून तो गुन्हा ठरला. तरी जानेवारी २०१९ मध्ये बाजुरा जिल्ह्यात एक बाई आपल्या दोन मुलांना घेऊन अशा खोपटात झोपली, थंडीसाठी विस्तव पेटवला, आणि तिघंही सकाळी उठली नाहीत. परदेशातली गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. आपल्या गडचिरोलीत माडिया बायकांची कुर्माघरं आहेतच, आणि तिथंही थंडीच्या रात्री काढाव्या लागतात. बाईला थंडीत बाहेर ठेवणारी रूढी असो की हंगामी मजुरी, विस्तव पेटवायची जबाबदारी तिचीच असते आणि त्या विस्तवानं ती गेली तर अपघात म्हणून नोंद होते.

तेव्हा घमेलं पालाबाहेर ठेवायचं, आत न्यायचंच नाही. आत न्यायचा तर चुलीशेजारी तापवलेला दगड फडक्यात गुंडाळून न्यावा, किंवा गरम पाण्याची घट्ट बुचाची बाटली गोधडीत ठेवावी. आणखी एक साधी गोष्ट. अंगावर कितीही पांघरलं तरी झोपलेल्या माणसाची ऊब सगळ्यांत जास्त गार जमीन ओढून घेते. म्हणून आधी खाली जाड अंथरायचं. सुरगाण्या-पेठेतून येणाऱ्या बायका भात पिकवतात; भाताचा पेंढा वीतभर जाड पसरून त्यावर गोणपाट टाकलं तर तीच गोधडी दुप्पट उबदार लागते. हौशी लोकांच्या तंबूत उंच चौथरा आणि गादी असते ती उगीच नाही. पण पेंढा आणायला गाडीत जागा लागते, आणि मुकादम गाडीत माणसं कोंबतो, पेंढा नाही. म्हणजे ही गोष्टसुद्धा नुसत्या जाणीवजागृतीनं होणारी नाही, बोलणी करूनच होणार.

आता कुत्र्याकडे येते. वाचणाऱ्या काही जणींना वाटेल, मजूर बाईच्या प्रश्नात कुत्रं कुठून आलं? ते तिच्याच बरोबर आलेलं असतं. गावाहून निघताना गाडीत चढतं, नाहीतर इथं आल्यावर दोन दिवसांत भाकरीच्या तुकड्यावर आपलं होतं. पालाची राखण करतं हे खरं आहे, पण त्याचं सगळ्यांत मोठं काम दुसरंच. पालाला संडास नसतो. बाई पहाटे अंधारात किंवा रात्री उशिरा बागेपलीकडे जाते. एकटी जायची हिंमत नसते. नवऱ्याला हाक मारली तर तो कूस बदलतो. कुत्रं मात्र उठतं आणि पुढं चालायला लागतं. एका बाईनं मला हे हसत हसत सांगितलं आणि आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. त्या हसण्यात विनोद कमी होता. टोळीत एकट्या बाया असतात, विधवा, टाकलेल्या, लहान पोर घेऊन आलेल्या. त्यांच्या पालाला दार नसतं. कनात वर करून आत डोकावणाऱ्याला अडवणारं रात्री तिथं कुत्र्याशिवाय कुणी नसतं. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा असंघटित बायकांसाठी जिल्ह्याला स्थानिक समिती सांगतो. पण बागेचा बांध हे कामाचं ठिकाण, आणि त्याच बांधावर मालकानं दिलेली झोपायची जागा ते नव्हे, असं समजून चालत असेल, तर हा कायदा संध्याकाळी सहाला घरी जातो असंच म्हणावं लागेल.

अंधारात माणसाखेरीज बिबट्याही आहे. दिंडोरी, निफाड, सिन्नरच्या उसात आणि ओढ्याकाठच्या झाडीत तो राहतो हे इथं लहान मुलालाही माहीत आहे. कुत्रं वास घेतं, भुंकतं, सावध करतं. पण याची दुसरी बाजू आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास केला तेव्हा वजनाच्या हिशोबानं त्यातला ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे जे कुत्रं बिबट्याची चाहूल देतं, त्याच कुत्र्यासाठी बिबट्या पालापर्यंत येतो. पालात पोर झोपलेलं असतं. बाईपुढं मग पेच उभा राहतो : कुत्रं जवळ ठेवलं तर बिबट्याची भीती, हाकललं तर माणसांची. यावर उपाय कुत्र्यात शोधायचा नाही. दार लागणारी खोली, दिवा आणि जवळ संडास असला की हा पेच उरतच नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडच्या बाजूला, बिबट्याच्या भीतीनं माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होती. बायकांचे तसे फोटो सगळीकडे फिरले. लांडग्या-बिबट्यानं नरडं धरू नये म्हणून राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात घालायची वस्तू बाईच्या गळ्यात आली. लोकांना फोटोचं नवल वाटलं. मला वाटतं, शेतावर बाईच्या जिवाची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न तिच्याच गळ्यात बांधून सगळे मोकळे झाले.

पालात थंडी कशी काढायची याचं खरं ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्या मेंढपाळ बायका याच शिवारातून जातात. नांदगाव-सिन्नरकडचे धनगर, साक्रीकडचे ठेलारी, यांचे वाडे पीक निघालेल्या रानात बसतात. पुरुष मेंढरं घेऊन चरायला निघून जातो. मागे बिऱ्हाड घोड्यावर लादणं, पुढच्या मुक्कामाला उतरवणं, वाघूर म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं लावणं, चूल मांडणं आणि कोकरांना सांभाळणं हे बाईचं. थंडीत नुकतं जन्मलेलं कोकरू गारठून मरतं, म्हणून ते तिच्या पोराशेजारी घोंगडीत असतं. कुत्र्यांना भाकरी तीच घालते, त्यामुळे कुत्री तिचं ऐकतात. एवढं सगळं जिच्या अंगावर, तिच्या नावावर मेंढरं नसतात आणि शेतकऱ्याशी रान खतवण्याचा सौदा होतो तेव्हा तिला कुणी विचारत नाही. जनावरांच्या औषधपाण्यातलं बायकांचं ज्ञान कुणी गंभीरपणे नोंदवलं असेल तर ते नित्या घोटगे, सागरी रामदास यांच्यासारख्या पशुवैद्यक स्त्रियांनी, आणि त्यासाठी त्यांना १९९० च्या दशकात ‘अंतरा’ ही स्वतःची संस्था काढावी लागली.

तरी मजूर बाईपेक्षा मेंढपाळ बाईला एक गोष्ट जास्त आहे : तिचा तंबू तिचा आहे, कुत्री तिची आहेत आणि घोंगडी तिची आहे. लोकर ओली झाली तरी ऊब देते आणि ठिणगी पडली तर भडकत नाही, जागच्या जागी करपते. जानेवारीत समारंभ करून जी ब्लँकेटं वाटली जातात ती बहुतेक कृत्रिम धाग्यांची असतात, चुलीजवळ ठिणगी पडली की वितळून अंगाला चिकटणारी. शिवाय हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो आणि वाटप जानेवारीत, फोटोला सोयीचं म्हणून. ज्या मंडळांना वाटपच करायचं आहे त्यांनी निदान दिवाळीआधी करावं आणि घोंगड्या घ्याव्यात. दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीला आज भाव नाही. चार धनगर घरांना काम मिळेल. पण वाटप हे काही उत्तर नव्हे. मालकाच्या जागेत मालकाच्या कामासाठी राहणाऱ्या बाईची ऊब दानशूरांच्या मर्जीवर का असावी?

कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण इथं गंमत आहे. परराज्यातून आलेल्या कामगारांसाठी १९७९ चा कायदा होता. पुढे २०२० च्या कामगार संहितेत तो मिळवला गेला. त्या कायद्यात ठेकेदारानं राहायला योग्य जागा द्यावी असं होतं. त्याखालच्या १९८० च्या केंद्रीय नियमांत तर असंही होतं की जिथं तापमान वीस अंशांखाली जातं तिथं कामगाराला लोकरीचा कोट आणि लोकरीची पँट द्यावी. वीस अंश! वणीत हिवाळ्याच्या तीन महिन्यांत वीसच्या खाली न गेलेली रात्र शोधावी लागेल. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढं कामगार म्हणजे पुरुष होता हे पँटवरून कळतंच, ते सोडा. खरी मेख अशी की हा कायदा राज्याची सीमा ओलांडल्याशिवाय लागूच होत नव्हता. डांगमधली बाई मुकादमाबरोबर वणीला आली तर ती कागदोपत्री स्थलांतरित. तिच्या शेजारच्या डोंगरावरची सुरगाण्याची बाई आली तर ती कुणीच नाही. दोघींचं पाल एका बांधावर असलं तरी. घाट उतरणं हे कायद्याच्या दृष्टीनं स्थलांतर नाही.

रोजगार हमीचा अनुभव आपल्याला आहे. महाराष्ट्रात ही योजना दुष्काळातून आली, आणि कामावर सावली, पाणी, पाळणाघर मिळावं म्हणून बायकांनी आग्रह धरला. २००५ च्या केंद्रीय कायद्यात या गोष्टी लिहिल्या गेल्या. सावली कायद्यात आली, ऊब आली नाही, कारण रोजगार हमीचं काम दिवसाचं आणि गावाजवळचं धरलेलं होतं. ज्या कामावर बाईला घरदार सोडून रात्रीही मालकाच्या जागेत काढावी लागते, तिथं रात्रीचं कलम वेगळं मागावं लागेल.

ते मागायला वणी पट्ट्यात एक जागा आहे. इथली द्राक्षं युरोपात जातात. २००६ पासून अपेडाच्या ‘ग्रेपनेट’ व्यवस्थेत निर्यातीच्या बागेची नोंद होते, आणि तिकडच्या दुकानातल्या पेटीवरून ती कोणत्या प्लॉटची हे शोधता येतं. २०१० मध्ये लिहोसिनच्या अंशामुळे युरोपनं आपली द्राक्षं अडवली तेव्हा अख्खा जिल्हा हादरला, आणि त्यानंतर अंशाच्या तपासणीत कुणी हयगय करेनासं झालं. म्हणजे खरेदीदारानं ठरवलं तर बांधावरचा नियम बदलतो. हेच खरेदीदार ‘ग्लोबल गॅप’ प्रमाणपत्र मागतात, आणि त्याच्या तपासणीत कामगार शेतावर राहत असतील तर त्यांची राहायची जागा पक्क्या छपराची, दारं-खिडक्यांची, पाणी आणि संडास असलेली हवी, असा मुद्दा आहे. तपासनीस येतो तेव्हा औषधांची खोली कुलपात आहे ना, हे तो बघतो. बांधापलीकडच्या पालापर्यंत त्याला कोण नेणार? आपण न्यायला हवं. मजूर बाईनं हा प्रश्न एकटीनं विचारला तर दुसऱ्या दिवशी तिचं काम जाईल. गटानं विचारला तर निर्यातदाराला उत्तर द्यावं लागेल. द्राक्षाच्या घडाचा माग लागतो तसा घड बुडवणाऱ्या हातांचाही लागला पाहिजे.

बागायतदारांच्या बाजूनं एक आक्षेप येतो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. भाव पडतात, अवकाळी पाऊस येतो, कर्ज डोक्यावर असतं, त्यात चार महिन्यांसाठी खोल्या कोण बांधणार? लहान बागायतदाराला हे खरंच जड आहे. पण टोळी एका हंगामात पाच-सात बागांतून फिरते. त्या पाच-सात जणांनी मिळून एका ठिकाणी पत्र्याचे दहा गाळे, दोन संडास, एक दिवा आणि गॅसची सोय केली तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च औषधांच्या खर्चापुढे फार नाही. सोसायट्या आहेत, निर्यातदार कंपन्या आहेत, ग्रामपंचायती आहेत. ट्रॅक्टरला शेड होते, पॅकिंगला शेड होते.

विस्तवावरून आठवलं. १९८१ मध्ये इंग्लंडमधल्या ग्रीनहॅम कॉमन इथं अण्वस्त्रांच्या तळाबाहेर बायकांनी मुक्काम ठोकला आणि तो २००० सालापर्यंत हलवला नाही. फांद्या वाकवून त्यांवर प्लास्टिक टाकलेली त्यांची खोपटी आपल्या पालांसारखीच होती. १२ डिसेंबर १९८२ ला, ऐन थंडीत, सुमारे तीस हजार बायकांनी हातात हात धरून तळाला वेढा घातला होता. त्यांना हुसकायला माणसं येत तेव्हा खोपटी मोडत आणि शेकोट्या विझवत. विस्तव विझला की मुक्काम उठतो हे हुसकणाऱ्यांना ठाऊक होतं. आपल्याकडे मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या शेतकरी मोर्चात सुरगाणा, पेठ, दिंडोरीच्या बायका होत्या. सहा रात्री रस्त्याकडेला मुक्काम करत, चपला झिजलेल्या पायांनी त्या चालल्या. वनजमिनीच्या मागणीसाठी उघड्यावर झोपलेल्या याच बायका हिवाळ्यात दिंडोरीच्या बांधावर झोपतात. पहिल्या झोपण्याचे फोटो देशभर गेले. दुसऱ्या झोपण्याची अजून मागणीही झालेली नाही.

म्हणून प्रत्यक्ष कामाचं बोलते. ऑक्टोबर छाटणीच्या टोळ्यांची बोलणी नवरात्राच्या आगेमागे होतात. त्या सुमारास गडावर आणि वणीत गर्दी असते, मुकादमही असतात. बोलणी पुरुष करतात, आणि एकरी भाव, उचल आणि जाण्यायेण्याचा खर्च यांवर संपतात. त्या बोलण्यांत टोळीतल्या निदान दोन बाया बसल्या पाहिजेत. निवारा कसा, सरपण की गॅस, संडास किती लांब, दिवा आहे का, पेंढा गाडीत येणार का, कडाक्याच्या दिवसांत काम तासभर उशिरा सुरू होणार का, हे भावाबरोबरच ठरलं पाहिजे आणि जमलं तर कागदावर आलं पाहिजे. कुत्र्याचंही ठरवून घ्यावं. काही मालक बागेत कुत्रं चालणार नाही म्हणतात आणि हंगामाच्या मध्यात त्याला सोडून यायला लावतात.

सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी या तालुक्यांत काम करणाऱ्या ज्या गटांनी याआधी मुकादमांशी किंवा मालकांशी निवाऱ्याबद्दल बोलणी केली असतील, त्यांनी काय मिळालं आणि काय नाकारलं गेलं ते अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवावं. नाकारताना काय कारण दिलं तेही लिहा. पुढच्या बोलण्यांना त्याचा उपयोग होईल.